शून्य व्होल्ट दाखवणारी बॅटरी मेलेली असतेच असं नाही

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली आणि वर्सोव्याच्या एका बोटीवर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, खूश. मग त्याने केबिनमधला मेन स्विच टाकला, तर सगळे पडदे काळेच. जीपीएस नाही, फिश फाइंडर नाही, वायरलेस नाही, डोलकाठीवरचा दिवाही नाही. इंजिनासाठी जुन्या पद्धतीची ॲसिडची बॅटरी होती, तिचं काही बिघडलं नव्हतं. बाकी उपकरणांसाठी दीड वर्षापूर्वी हौसेने १०० अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर करंट शंभर तास पुरेल अशी) लिथियम बॅटरी घेतली होती. तिच्या टोकांना मल्टिमीटर लावला, तर आकडा आला ०.९ व्होल्ट. असायला हवेत तेरा.

धक्क्यावर मतांना तोटा नसतो. एकाने सांगितलं, मेली, भंगारात टाक. दुसरा म्हणाला, आतला बोर्ड गेलाय, नवा आण. तिसऱ्याच्या हातात तोवर जाड वायरचा तुकडा आलाही होता: "आतलं सर्किट सोडून सरळ जोड, दोन मिनिटांचं काम." मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीची कामं करतो, म्हणून मला बोलावणं आलं. पोचल्यावर पहिलं काम केलं ते ती वायर खाली ठेवायला लावण्याचं.

हा विषय आता फक्त कोळीवाड्याचा उरलेला नाही. केरळात वैकमजवळ सौरऊर्जेवर चालणारी ‘आदित्य’ ही फेरी २०१७ पासून लोकांना ने-आण करते आहे, कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, आणि मुंबई बंदरातही विजेवरच्या बोटींची चर्चा चालू असते. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या तेव्हा ‘बीएमएस’ हा शब्द पहिल्यांदा घराघरांत ऐकू आला. तो बोलला जातो पुष्कळ, पण तो काय करतो हे फारसं कुणी सांगत नाही.

चार हंडे आणि एक नळ

बोटीवरच्या १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा नेहमीचा दाब ३.२ व्होल्ट, चौघांचा मिळून १२.८. पूर्ण भरताना प्रत्येक सेल जास्तीत जास्त ३.६५ पर्यंत जाऊ द्यायचा आणि वापरताना २.५ च्या खाली उतरू द्यायचा नाही. या दोन रेषांच्या बाहेर सेल गेला की त्याच्या आतलं रसायन कायमचं बिघडू लागतं.

आता असे चार हंडे डोळ्यांसमोर आणा, ज्यांच्यावर एकच नळ आहे. नळ असा की चौघांत एकाच वेळी सारखंच पाणी पडणार, एकाचं वेगळं बंद करता येणार नाही. तिसऱ्या हंड्यात आधीचं दोन तांबे पाणी शिल्लक असेल, तर तो सगळ्यांच्या आधी काठोकाठ भरेल. बाकीचे तीन अजून रिते असले तरी नळ बंद करावाच लागेल, नाहीतर तिसरा वाहू लागेल. उपसतानाही तेच: ज्यात पाणी कमी, तो आधी तळाला जातो आणि त्याच्यामुळे चौघांचा उपसा थांबतो.

नळाशी उभं राहून चारही हंड्यांवर नजर ठेवणारा जो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, तोच बीएमएस, म्हणजे बॅटरीची देखरेख यंत्रणा. चार-पाच बारीक तारांनी तो प्रत्येक सेलचा दाब मोजतो. या तारांना बॅलन्स वायर म्हणतात. एका छोट्या सेन्सरने तो तापमान पाहतो. किती करंट जातोय-येतोय हेही मोजतो. यातलं काहीही मर्यादेबाहेर गेलं की तो आपल्या इलेक्ट्रॉनिक स्विचने बॅटरीच तोडून टाकतो. सेल आत जिवंत असतात, पण बाहेरच्या टोकांवर शून्याच्या आसपास काहीतरी दिसतं.

म्हणजे ०.९ हा आकडा बॅटरीचा नव्हताच. तो बंद दाराचा होता.

मग आधी कळलं कसं नाही?

ॲसिडची बॅटरी कंदिलासारखी विझते. तेल संपत आलं की ज्योत मंदावते, काच काळी पडते, आपण उठून तेल घालतो. लिथियमची ही जात गॅसच्या सिलिंडरसारखी. शेवटच्या दिवसापर्यंत आच तीच, आणि तव्यावर भाकरी असताना फुस्स. या सेलचा दाब ८० टक्के भरलेला असतानाही ३.३ च्या आसपास आणि २० टक्क्यांवर आला तरी ३.२ च्या आसपास. नुसता व्होल्टमीटर बघून किती उरलंय ते सांगणं म्हणजे सिलिंडर हलवून अंदाज करण्यासारखंच. म्हणून बोटीवर आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर-अवर मोजणारा शंटवाला मीटर लावावा. मला विचाराल तर बॅटरी घेताना ज्या खर्चात काटकसर केली जाते आणि जिचा पुढे सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो, ती हीच.

दोन महिने नुसती पडून होती, वापरली कुठे?

हा प्रश्न तांडेलाने जरा रागानेच विचारला होता. बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेली. मेन स्विच बंद.

पण बीएमएस स्वतः झोपत नाही. त्याचा ब्लूटूथ चालू असतो. मेन स्विचच्या अलीकडून जोडलेला, बोटीच्या तळाशी (बिल्जमध्ये) साचणाऱ्या पाण्याचा अलार्म चालू असतो. सगळं मिळून ३० मिलिअँपिअर धरा, मोबाइलच्या चार्जरच्या तुलनेत काहीच नाही. ३० मिलिअँपिअर गुणिले २४ तास गुणिले ६१ दिवस, होतात जवळजवळ ४४ अँपिअर-अवर. १०० च्या बॅटरीत मे अखेरीस चाळीस उरले असतील, तर जुलै संपण्याआधीच ती तळाला लागते. मग बीएमएस दार लावतो, आणि उरलासुरला चार्ज वाचवायला काही वेळाने स्वतःही झोपी जातो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बॅटरी दिसतसुद्धा नाही, आणि माणसाला वाटतं बोर्ड मेला.

(बोट शाकारताना बॅटरी निम्म्याहून जरा जास्त भरून तिची तार पूर्ण सोडून ठेवा, बाकी काही लागत नाही. काठोकाठ भरून दोन महिने गरम जागी ठेवणंही या सेलना मानवत नाही.)

मीटर लावण्याआधी एक प्रश्न

दुरुस्तीला आलेल्या माणसाने आधी विचारायचं: कधी बंद पडली? या उत्तरात निम्मं निदान असतं.

भरत असताना बंद पडली, तर बहुधा एखादा सेल बाकीच्यांच्या आधी ३.६५ ला पोचला, किंवा बॅटरी तापली. मुंबईच्या मे महिन्यात इंजिनाच्या खोलीत बॅटरी ठेवली असेल तर दुसरं कारण सहज शक्य. इन्व्हर्टर जोडल्याक्षणी बंद पडली, तर दोष बॅटरीत नसूही शकतो: मोठ्या इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर पहिल्या क्षणी इतका करंट ओढतात की बीएमएसला तो शॉर्ट सर्किट वाटतो. २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण चालला तरी १२ व्होल्टवर १६५ अँपिअरच्या पुढे मागतो, आणि बोर्ड १०० अँपिअरचा असेल तर वाद कुठे उरला? इंजिनाच्या स्टार्टरसाठी ही बॅटरी वापरून पाहिली असेल तर तेच. आणि पडून राहून बंद पडली असेल, तर वरचं ६१ दिवसांचं गणित.

इंजिन चालू असताना अचानक बंद पडली असेल तर बॅटरीबरोबर इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटरही तपासा. तो जोरात चार्ज करत असताना बीएमएसने दार धाडकन लावलं की त्या करंटला जायला जागा उरत नाही, दाब क्षणभर उसळतो आणि अल्टरनेटरच्या आतले डायोड जळू शकतात. म्हणून अल्टरनेटर थेट लिथियमला जोडू नये. तो ॲसिडच्या बॅटरीला, आणि तिथून डीसी-टू-डीसी (एका बॅटरीवरून दुसरी भरणाऱ्या) चार्जरमधून लिथियमला.

मीटर कुठे लावायचा

हातातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. व्होल्ट बारा असले तरी पाना दोन टोकांवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात. अंगठी तापून लाल होते आणि बोट तिच्यातच असतं. खोका कारखान्यातून चिकटवून बंद केलेला असेल तर तो फोडू नका. वॉरंटी जाईल, आणि तुमचं काम बाहेरच्या टोकांपर्यंतच आहे.

उघडता येणाऱ्या खोक्यात बोर्डाला दोन जाड काळ्या तारा दिसतात. सेलकडून येणारी बी-मायनस आणि बाहेर जाणारी पी-मायनस. बॅटरीच्या प्लसपासून दोन्हीकडे मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर दार उघडं आहे आणि दोष बाहेर कुठेतरी आहे: फ्यूज, तारेच्या टोकाचा गंजलेला लग, मेन स्विच. वेगळे आले तर दार बंद आहे. वर्सोव्याच्या त्या बॅटरीत बाहेर ०.९ होते आणि सेलकडे १०.५६. म्हणजे सेल होते, बोर्डाने तोडले होते.

मग एकेक सेल: २.७१, २.६८, २.४४, २.७३. तिसरा २.५ च्या खाली. म्हणजे बोर्डाने आपलं काम चोख केलं होतं! ज्याला फेकायला निघाले होते, त्यानेच बॅटरी वाचवली होती. एखादा सेल २ व्होल्टच्याही खाली जाऊन तसाच राहिला असता तर गोष्ट वेगळी. इतक्या खाली सेलच्या आतलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा भरताना ते भलत्याच जागी साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. असा सेल भरायचा नाही, बदलायचा.

पुढची अडचण गमतीची. चार्जर लावला, तर चार्जर सुरूच होईना. आजचे बरेच चार्जर आधी समोर बॅटरी आहे का ते चाचपतात. टोकांवर ०.९ दिसल्यावर त्याने ठरवलं की काही जोडलेलंच नाही. बीएमएस चार्जरची वाट पाहतोय, चार्जर बीएमएसची. ‘पहले आप’चा लखनवी कारभार. अशा वेळी लिथियमला जागं करणारी सोय असलेला चार्जर लागतो, किंवा माझ्याकडे असतो तसा टेबलावरचा पॉवर सप्लाय, १४ व्होल्ट आणि फक्त २ अँपिअरवर बांधलेला. तो लावला आणि ॲपमध्ये बॅटरी दिसली. इतक्या रिकाम्या सेलना सुरुवातीला असंच सावकाश पाजायचं, सगळे ३ व्होल्टच्या वर येईपर्यंत.

पण एक अँपिअरसुद्धा आत जाईना.

वर्सोव्यात उणे ४० अंश

ॲपमध्ये तापमान दिसत होतं, उणे ४०. ऑगस्टचा महिना, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि बॅटरी सांगतेय की ती सायबेरियात आहे.

शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी भरली तर धातूरूपातलं लिथियम आत थरासारखं साचतं आणि सेल कायमचा दुखावतो. म्हणून शून्याखाली चार्जिंग बंद, हा बीएमएसचा नियम. तापमान मोजणारा सेन्सर साधा असतो: ऊन वाढलं की त्याचा विद्युत रोध कमी, थंडी वाढली की जास्त. त्याची तार तुटली तर रोध अनंत, आणि बोर्ड त्याचा अर्थ लावतो कडाक्याची थंडी. बोर्डाच्या बाजूने विचार केला तर त्याचं काही चुकलं नाही. त्याला मिळालेली बातमी खोटी होती.

तार शोधली. ती तुटली नव्हती, कुरतडली होती. शाकारलेल्या बोटीत दोन महिने कोण राहतं हे कोळीवाड्यात सांगावं लागत नाही.

ॲपवर डोळे झाकून विश्वास नको

उंदीर नसेल तर खारी हवा असतेच. बॅलन्स वायरच्या छोट्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि मापं बिघडतात. यातली एक खूण पक्की लक्षात ठेवा: शेजारच्या दोन सेलपैकी एक अचानक फार वर आणि दुसरा तेवढाच खाली दिसत असेल, पण दोघांची बेरीज बरोबर असेल, तर सेलवर संशय घेऊ नका. दोघांची सामायिक असलेली मधली तार खराब आहे. ताळा करायला मीटर थेट सेलच्या टोकांना लावा. मीटर ३.३१ म्हणतोय आणि ॲप २.९, तर खोटं ॲप बोलतंय. दोघंही २.९ म्हणत असतील तर सेल खरंच खाली आहे.

बोटीवर कथील चढवलेली तांब्याची वायरच वापरावी. उघडं तांबं समुद्राजवळ किती दिवस टिकतं ते माहीमच्या कुठल्याही गच्चीवरच्या ॲंटेनाला विचारा.

"मग सरळ बायपास का नाही? समुद्रात तर बाहेर पडता येईल"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. गाडी बंद पडली तर ती कडेला घेता येते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या ओढीत सगळे दिवे गेले तर कडा कुठली? बोटीवर अंधार हाच अपघात असू शकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या बोटबांधणीच्या ई-१३ या मानकात लिथियम बॅटरी तुटण्याआधी चालकाला इशारा मिळावा अशी अपेक्षा ठेवली आहे. दार लावायचंच असेल तर आधी हाक तरी मारा.

पण या अडचणीचा इलाज दुसरी बॅटरी हा आहे. वायरलेस आणि दिशादर्शक दिवे ॲसिडच्या बॅटरीवर फिरवता येतील असा एक चेंजओव्हर स्विच बसवा. बायपास केला की तिसरा सेल २.४४ वरून निमूट २ वर, १ वर जातो, कुणी थांबवत नाही. मग तीच बॅटरी पूर्ण ताकदीच्या चार्जरला लावली जाते, तीही पहारा नसताना. लिथियम आयर्न फॉस्फेट ही जात मोबाइल किंवा बऱ्याच स्कूटरमधल्या जातीपेक्षा शांत आहे, सहसा पेट घेत नाही. पण दुखावलेला सेल तापला की ज्वालाग्राही वायू सोडतो, आणि बोटीचं बंद तळघर हे वायू साचायला उत्तम भांडं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेत ‘यटरोयनिंगेन’ या बॅटरीवरही चालणाऱ्या फेरीत आग लागली. आग आटोक्यात आल्यासारखी वाटली, आणि दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूंचा स्फोट झाला. सुरुवात शीतक द्रवाच्या गळतीतून झाली होती. पण त्या वेळी बॅटऱ्यांचा बोटीच्या नियंत्रण यंत्रणेशी संपर्क जोडलेला नव्हता, त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. नंतर जहाजमालकांना सांगण्यात आलं, हा संपर्क नसेल तर बोट चालवू नका. तिथली बॅटरी आपल्या डब्याच्या कितीतरी पट मोठी, जातही वेगळी. डोळे काढून घेतल्यावर काय होतं, ते मात्र सारखंच.

बोर्ड खरोखर गेला असेल तर

जातात, नाही असं नाही. आणि गेलेल्या बोर्डाचा धोकादायक प्रकार कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण बॅटरी मस्त चालत असते. आतले इलेक्ट्रॉनिक स्विच जळतात तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच चिकटून बसतात. दार कायमचं उघडं, पहारेकरी नुसता उभा. तपासणी सोपी आहे. धक्क्यावर असताना एक दिवा लावा आणि ॲपमधून डिस्चार्ज बंद करा. दिवा विझला पाहिजे. नाही विझला, तर बोर्ड बदला.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, बोर्ड ढिगाने मिळतात. घेताना दोन गोष्टी बघा. चारच सेलचा हवा, आणि आयर्न फॉस्फेटचाच हवा. दुसऱ्या जातीचा बोर्ड सेलला ४.२ व्होल्टपर्यंत भरू देतो, आणि आपली रेषा ३.६५ ला आहे. बसवताना आधी जाड बी-मायनस, मग बारीक तारांचा प्लग, आणि काढताना उलट. प्लग खोचण्याआधी त्याच्या पिना मोजा: ३.३, ६.६, ९.९, १३.२ अशा पायऱ्या चढत गेल्या पाहिजेत. एक पायरी जरी वर-खाली झाली तर नवा बोर्ड त्याच क्षणी जळतो, आणि दुकानदार परत घेत नाही.

यापेक्षा ॲसिडचीच बरी नव्हती का?

इंजिन सुरू करायला, हो, अजूनही. बाकीच्या कामाला हिशेब करा: १०० अँपिअर-अवरची ॲसिडची साधारण ३० किलो आणि तिच्यातले निम्मेच वापरायचे, लिथियमची साधारण १२ किलो आणि ऐंशी टक्के वापरता येतात. ॲसिडचीही भरताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती अगदी सोवळी आहे असंही नाही.

त्या दिवशी मी तार जोडली. ॲपमधलं तापमान उणे ४० वरून ३१ वर आलं आणि चार्ज सुरू झाला. प्रश्न उरला तिसऱ्या सेलचा. आधी तळाला जाणारा हंडा दोन कारणांनी तसा वागतो: एक तर तो आकाराने लहान आहे, नाहीतर त्यात मुळात पाणी कमी पडलंय. लहान हंडा भरतानाही सगळ्यांच्या आधी भरतो, तो सेल थकलेला. कमी पाण्याचा हंडा सगळ्यांत शेवटी भरतो, तो निरोगी, फक्त मागे राहिलेला. आमचा तिसरा शेवटी आला. बाकीचे ३.६ ला टेकले तेव्हा तो ३.३८ वर होता.

त्याला बरोबरीत आणायचं काम बीएमएसच करतो, भरलेल्या हंड्यांतून चमच्याने पाणी काढून. या बोर्डाचा चमचा ५० मिलिअँपिअरचा होता. पाच अँपिअर-अवरचा फरक मिटवायला १०० तास. तांडेलाने तोवर जुन्या ॲसिडच्या बॅटरीवर दोन फेऱ्या मारल्या आणि बॅटरी माझ्या टेबलावर चार दिवस चार्जरला बसून राहिली.

पाचव्या दिवशी तो घ्यायला आला. सगळ्या तारांवरून मी जाड नळी चढवली होती. त्याने ती बोटाने दाबून पाहिली आणि विचारलं, "ही पण कुरतडली तर ॲपमध्ये काय दिसेल?"

"पुन्हा उणे ४०."

"म्हणजे उंदीर आला की थंडी वाजते," तो म्हणाला, आणि खोका खांद्यावर टाकून जिना उतरला.